झऱ्याला लागलेले लोखंड

वहिनी,

परवा तुमचा जलदान विधी झाला. शोकसभेत पहिले नाव माझे पुकारण्यात आले. घरातला वडील माणूस, त्यातून निवृत्त शिक्षक. मी उभा राहिलो. ‘वहिनी कष्टाळू होत्या, मायाळू होत्या, त्यांनी वाडीला धरून ठेवले,’ अशी तीन वाक्ये म्हटली आणि खाली बसलो. तिन्ही वाक्ये खरी होती, परंतु ती कोणाच्याही वहिनीविषयी म्हणता आली असती. तुम्ही समोर असतात तर पदर तोंडाशी नेऊन हसला असतात. वाडीच्या मंडळाच्या सभेत माझ्यावर बोलण्याची पाळी आली की तुम्ही शेजारणीला नेमके ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत असा, “भावजींच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजे विहीर उपसायची. आदी गाळ, मग पानी.”

माझ्यानंतर प्रकाश उठला. तुमचा मुलगा सभेत कधी बोलल्याचे मला आठवत नाही. या एका बाबतीत तो माझ्यावर गेला आहे. त्याने माईक हातात न घेताच सांगितले, “आई शेवटपर्यंत खालच्या पऱ्यावरनं, ओढ्यातनं, पानी आनत होती. ते माझ्यामुळं. सड्यावरच्या खाणीत मशीन मी चालवत होतो. माझ्या आईचं पानी मी तोडलं.” मंडपातल्या बायका रडू लागल्या. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला खाली बसवले.

तो बोलला ते खोटे होते. ते खोटे आहे हे त्या मंडपात मला एकट्याला ठाऊक होते. ठाऊक असलेले दुसरे माणूस म्हणजे तुम्ही, आणि तुमच्या फोटोला हार घातलेला होता.

म्हणून हे लिहीत आहे. मी आयुष्यभर लिहिले ते अर्जच. वाडीचा रस्ता, वाडीची वीज, कोणाच्या वारसाची नोंद, कोणाचा जातीचा दाखला. ‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की’ या वाक्याशिवाय माझा हात चालत नाही. सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा विषय आणि संदर्भ न घालता लिहायला बसलो आहे. चुकले तर सांभाळून घ्या, असे म्हणणार होतो. पण तुम्ही फार सांभाळून घेतलेत, दुखणे तेथेच आहे.

तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मागच्या पडवीत येऊन मला म्हणालात, “भावजी, वाईच पानी देता?” त्या दिवसापर्यंत मला कोणी ‘तुम्ही’ म्हणून हाक मारलेली नव्हती, घरात नाही, शाळेत तर नाहीच. मी इतका गोंधळलो की नुसता उभा राहिलो. द्यायला पाणीही फारसे नव्हते. कळशी अर्धीअधिक रिकामी होती आणि आई अजून वरून परतली नव्हती.

‘वरून’ म्हणजे काय, ते तुम्हाला त्याच दिवशी कळले. आपल्या मोठ्यांनी धर्म बदलून काही वर्षे झाली होती. घराघरांतले देव्हारे उतरले होते, मेलेले गूर ओढण्याचे काम सुटले होते. पाणी मात्र पूर्वी होते तेथेच होते. वरच्या वाडीच्या विहिरीपासून दहा पावलांवर आपल्या बायका भांडी मांडून बसत, आणि कोणाला सवड झाली की वरून ओतले जाई. सवड कधी सकाळी होई, कधी दुपारी.

महिनाभराने तुमचे वडील तुम्हाला भेटायला बुरोंडीहून आले. ते किनाऱ्याच्या गावांतून विहिरी खणण्याची कामे करीत. लेकीला त्या रांगेत बसलेली पाहून ते काही बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. दोन दिवस वाडीच्या उतारावर एकटेच हिंडत राहिले, ठिकठिकाणची माती चिमटीने तोंडात घालून थुंकत राहिले. तिसऱ्या दिवशी आमच्या वडिलांना त्यांनी एक जागा दाखवली आणि म्हणाले, “व्याही, मुंबईची मानसं वैशाखात येतील ना? त्यांना सांगा, यंदा रजा बसून काढायची नाय.”

त्या वैशाखात सगळी वाडी त्या खड्ड्याभोवती होती. गोदीतले, गिरणीतले, रेल्वेच्या कारखान्यातले पुरुष खाली, बायका घमेली घेऊन वर. नव्या नवरीने बसून राहावे असे आई म्हणाली. तुम्ही कासोटा मारलात आणि पहिले घमेले उचललेत. आधी जांभा लागला, मग पिवळी चिकण माती, आणि त्या मातीच्या तळाशी काळा पाषाण दिसू लागला, तेव्हा एका कुशीतून पाणी फुटले. मनगटाएवढी धार. माझा दादा आनंदाने पहार घेऊन आणखी खाली मारायला निघाला, तर तुमच्या वडिलांनी त्याचा हात धरला. “बास. हितं थांबायचं. झऱ्याच्या तोंडाला नि तळाला ह्याच्या पुढं लोखंड लावायचं नाय. गाळ काढायचा तो हातानं, नायतर करवंटीनं.”

“का वो?” दादाने विचारले.

“लोखंड लागलं की रुसतो.”

हे कारण ऐकून माणसे हसली, परंतु जागा त्यांनी दाखवली होती म्हणून ऐकले. तुम्ही ते हसण्यावारी नेले नाहीत. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहीर उपसण्याची आपल्या वाडीची रीत पडली, आणि दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी, तळ दिसू लागला की, तुम्ही करवंटी घेऊन उतरत असा. झऱ्याचे तोंड बोटांनी मोकळे करताना तुम्ही काहीतरी पुटपुटत असा. एकदा मी वरून विचारले, काय म्हणता? तुम्ही वर पाहून म्हणालात, “शिव्या घालतेय. कचरा पोरं टाकतात नि काढायला म्हातारी.” तुम्ही तेव्हा पस्तिशीच्याही नव्हता.

आणखी एक दिवस सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. एका वर्षी पाऊस फार लवकर गेला आणि वैशाखात वरच्या वाडीची विहीर खडखडीत झाली. सकाळी वरच्या वाडीतली रखमा रिकामा हंडा घेऊन खाली आली आणि आपल्या विहिरीपासून थोडी दूर उभी राहिली. तिला ‘पाणी द्या’ म्हणता येत नव्हते आणि परतही जाता येत नव्हते. आपल्या बायकांनी दोर हातातच धरून ठेवले. मी कॉलेजच्या सुट्टीत आलो होतो, ओट्यावर बसून पाहत होतो. एखादे बोचरे वाक्य मनात जुळवत होतो आणि ते तोंडातून निघत नव्हते. तुम्ही दोर सोडत सोडत म्हणालात, “रखमाबाय, लांब का गो उबी? ये, तुझ्या हातानं भर. आमची विहीर बाटत नाय.”

रखमा पुढे आली. तिने स्वतः पाणी शेंदले. तिचे डोळे भरले होते की तिला राग आला होता, हे मला त्या वेळी समजले नाही. पुढे तीस वर्षे तुम्ही दोघी लाकडे आणायला बरोबर जात होता.

आता मी ज्या ठिकाणी आलो आहे तेथे थांबावे असे फार वाटते.

मी वाडीतला पहिला पदवीधर. विज्ञान शिकलो आणि देवरूखला शिक्षक झालो. दर शनिवारी वाडीत येऊन मुलांना गणित शिकवू लागलो, मग मुलींनाही. एकेक मूल दहावी होऊन गेले, बारावी होऊन गेले, आणि ‘गेले’ म्हणजे गेलेच. नोकरी लागलेल्याने भावाला नेले, भावाने बायकोला नेले, तिने सासूला नेले. मी प्रत्येक निकालाच्या दिवशी पेढे वाटले. एका घराला कुलूप लागत असल्याचे ते पेढे होते, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला. शेते पडीक झाली, बांधांवर रान चढले, आणि जी दोन-चार माणसे भात लावीत ती डुकरांपुढे आणि माकडांपुढे हरली. ज्यांनी घरे बंद केली त्यांनीच मग पुढच्या पिढीत मातीची घरे पाडून स्लॅबची बांधली. त्या घरांत वर्षातून दहा दिवस माणसे असत. आणि त्या दहा दिवसांत, वैशाखातच, विहिरीला पाणी सर्वांत कमी असे. फरशीच्या न्हाणीघरांना दोन हंडे पुरत नव्हते.

तेव्हा मंडळाने विहीर खोल करण्याचे ठरवले. ठरवले म्हणजे मी ठरवले. मुंबईच्या माणसांनी माना हलवल्या. तळाचा काळा पाषाण सुरुंगाने फोडायचा आणि दोन पुरुष, म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीएवढे, खोल जायचे. सभा आपल्या विहाराच्या ओट्यावर होती. तुम्ही बायकांमधून उठलात.

“भावजी, तळाला लोखंड लावू नका.”

“का?” मी विचारले.

“बाबा सांगून गेलेत.”

“त्यांनी कारण काय दिले होते?”

“रुसतो म्हनले होते.”

सभा हसली आणि त्या हसण्याने मला बळ आले. मी म्हणालो, “वहिनी, आपण देव्हारे उतरवले. नवस सोडले, भगत सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आणि आता झरा रुसेल म्हणून वाडीला तहानलेली ठेवायची?”

“मी देव म्हनत नाय वो. झऱ्याचं म्हनतेय.”

“मग पुरावा सांगा.”

“पुरावा तुमच्या शाळेत असतो. माज्याकडं बाबांचा शब्द हाय.”

“शब्द हा पुरावा नव्हे,” मी म्हणालो. त्यानंतर मी अंधश्रद्धेवर दहा-पंधरा मिनिटे बोललो. आयुष्यात त्या एकाच सभेत मी न अडखळता बोललो, वहिनी. टाळ्या वाजल्या. तुम्ही खाली बसलात आणि पदराची घडी घालत राहिलात.

त्याच वर्षी मी नववीच्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवले होते: वर पाणी झिरपू देणारा थर, खाली पाणी अडवणारा अपार्य खडक, आणि दोहोंच्या सांध्यातून फुटणारा झरा. खालचा खडक अभंग आहे म्हणूनच झरा वर टिकतो. जे मी पगार घेऊन शिकवीत होतो तेच तुमचे वडील माती तोंडात घालून सांगून गेले होते. त्यांनी ‘रुसतो’ म्हटले, मी ‘अपार्य’ म्हणत होतो. माझ्यापाशी दोन्ही शब्द होते आणि मला ते एकमेकांशेजारी ठेवता आले नाहीत. देव सोडलेल्या माणसाला प्रत्येक जुन्या शब्दात देवच दिसू लागतो, हा आमच्या पिढीचा खास दोष असावा. आम्हाला त्या शब्दांनी फार छळले होते; म्हणून त्यांतला एखादा आपल्या बाजूचा असेल, हे सुचले नाही.

सुरुंग उडाले तेव्हा तुम्ही घरात होता. दोन दिवस गढूळ पाणी भरभरून आले. मला हार घालण्यात आला. तिसऱ्या दिवशी पाणी निवळले आणि उतरू लागले. आठव्या दिवशी मी एकटाच उतरलो, तेव्हा तळाला बोटभर रुंदीची फट दिसली आणि तिच्यात शेवटचे पाणी माझ्या डोळ्यांदेखत गेले. कुशीतला झरा वाहत होता. त्याचे पाणी फक्त तळाशी थांबत नव्हते. त्या वर्षीच्या पावसात विहीर काठोकाठ भरली आणि दिवाळीपर्यंत रिकामी झाली. पुढेही तसेच होत राहिले.

पुढच्या वैशाखात सभा बसली. मुंबईहून आलेल्या एकाने विचारले, “एवढं करून पानी गेलं कुठं?” सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी कबूल करणार होतो, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो. परंतु ते खरे नसावे. मी गप्पच बसलो असतो. तेवढ्यात तुम्ही उठलात.

“पानी खाणीनं नेलं,” तुम्ही म्हणालात. “सड्यावर चिऱ्याची खाण लागली तवापासनंच झरा मंदावला हुता. मी दर वर्साला उतरते, मला ठाव हाय.”

ते खोटे होते. खाण सुरू होऊन तीन वर्षे झाली होती आणि त्या तीन वर्षांत झरा बोटभरही कमी झाला नव्हता. खाणीने सड्याचे, वरच्या त्या कातळमाळाचे, भले केले असे मी म्हणत नाही. तेथे आज केवढे खड्डे आहेत ते मी पाहतो. पण आपली विहीर खाणीने घालवली नाही. आणि त्या खाणीत आपल्या वाडीचे सहा तरुण कामाला होते. त्यांत प्रकाश होता, चिरे कापण्याच्या मशीनवर. गावात राहून कमावणारी ती शेवटची सहा माणसे.

त्या संध्याकाळी मी तुमच्या पडवीत आलो. तुम्ही चुलीपुढे होता. मी विचारले, “वहिनी, असे का सांगितलेत?”

तुम्ही मागे न वळता म्हणालात, “मग काय सांगू? गुरुजींनी विहीर घालवली, असं?”

“खरे तेच होते.”

“खरं तुमच्यापाशी ठेवा. सुमन यंदा दहावीला हाय, तिच्यामागं शेवंताच्या दोगी. त्यांचे बापूस आदीच म्हनतात, पोरींना शिकवून काय करायचंय. उद्या म्हनतील, शिकलेल्यानं काय केलं बगा, सगळ्या वाडीची विहीर फोडली. तुमची लाज काय, चार दिस निघंल. पन त्या पोरी घरी बसतील ना वो.” मग जरा थांबून, “चा घेनार का नुसतंच तोंड पाडून बसनार?”

मी चहा घेतला. एवढेच नाही, मंडळाने खाणीविरुद्ध अर्ज करायचे ठरवले तेव्हा तो मीच लिहिला. माझ्या हातून लिहिलेला सर्वांत चांगला अर्ज. खाणवाल्याची परवानगी अपुरी निघाली आणि खाण बंद झाली. सहा महिन्यांत सहाही मुलगे वाडी सोडून गेले. प्रकाश नालासोपाऱ्याला गेला, कंपनीची गाडी चालवू लागला. सुमन शिकली, शेवंताच्या दोघी शिकल्या. त्यांच्यातली एक परिचारिका आहे, एक बँकेत आहे. तुमचा हिशेब चुकला नाही. परंतु तो कोणाच्या नावावर पडला, ते तुम्ही मला कधी बोलून दाखवले नाही.

त्यानंतरची वर्षे मी दर रविवारी पाहत आलो. वाडीत डांबरी रस्ता आला. त्यावरून आधी टेंपो गेले, सामान भरून. शाळेचा पट घटत घटत शेवटी एकही मूल उरले नाही आणि शाळेला कुलूप लागले. चाळीस घरांपैकी सहा उघडी राहिली आणि त्या सहांत मिळून अकरा माणसे, सगळी साठीच्या पुढची. नळयोजनेचे खांब दारोदारी उभे राहिले. तुमच्या दारातल्या नळाला तुम्ही कपडे वाळत घालण्याची दोरी बांधलीत. “सरकारनं खुंटी चांगली दिलीया,” तुम्ही म्हणालात. पाणी खालच्या पऱ्यावरूनच, अर्ध्या कोसावरून येत राहिले. आधी दोन कळश्या, मग एक, मग पाच लिटरचा कॅन.

माझ्या देवरूखच्या घरी दोन वेळ नळाला पाणी येते. मी किती वेळा म्हणालो, तिकडे चला. तुम्ही एकदाच चार दिवस आलात आणि पाचव्या दिवशी पिशवी भरलीत. “तुमच्या नळाचं पानी पिऊन तहान जात नाय, भावजी. नुसतं पोट भरतं.” त्या वेळी मी हसलो होतो. मी कॅन भरून आणला तर तुम्ही तो तुळशीला नाही, कढीपत्त्याला घालत होता, मी पाहत असताना. तेवढी एकच शिक्षा तुम्ही मला दिलीत आणि तीही मला आवडत असे, कारण तेवढ्यापुरते आपण दोघे खरे बोलत होतो.

आता काल घडले ते सांगतो.

पाहुणे गेले. प्रकाश घर बंद करीत होता. अंथरुणे माळ्यावर टाकली, गॅसचा सिलिंडर काढला, भांडी पालथी घातली. दुपारच्या गाडीने त्याला जायचे होते. मी ओट्यावर उभा राहून त्याच्या हातातल्या कुलपाकडे पाहत होतो.

“प्रकाश, विहिरीचे पाणी खाणीने नेले नाही.”

“काका, आता नको. झालं ते झालं.”

“झाले नाही. ऐक. तळ सुरुंगाने फुटला. सुरुंग मी लावायला लावला. आईने भर सभेत नको म्हटले होते आणि मी तिला हसण्यावारी नेले.”

“पन आईच तर म्हनली होती, खाणीनं…”

“ती माझ्यासाठी म्हणाली.”

“तुमाला कवापासनं ठाव हाय?”

“विहीर आटली त्या दिवसापासून.”

“आनि आईला?”

“आईला सुरुंग लागण्याच्या आधीपासून.”

तो पायरीवर बसला. मग अगदी साध्या आवाजात, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगत असल्यासारखा, म्हणाला, “बावीस वर्सं, काका. हितं येताना मी स्टेशनवरनं पान्याच्या बाटल्या घेऊन यायचो. आईनं डोक्यावरनं आनलेलं पानी प्यायला मला तोंड नव्हतं. ती म्हनायची, मुंबईला जाऊन लय नाजूक झालास. मी म्हनायचो, हो गो, पोट बिघडतं.” आणि मग, “मला का नाय सांगितलं तिनं? मी तिचा पोरगा ना?”

तुम्ही मला चुलीपुढे जे सांगितले होते ते मी त्याला सांगितले. सुमनचे, शेवंताच्या मुलींचे. त्याने ऐकून घेतले.

“म्हंजे शाळा वाचली,” तो म्हणाला. “आनि शाळेत बसायला कोन ऱ्हायलं?”

त्याने कुलूप लावले, ओढून पाहिले.

“वैशाखात सगळी येतील. पौर्णिमेला सभा असते. तिथं सांगा.”

“मी सविस्तर लिहून देतो. तू वाचून…”

“लिहून नको. अर्ज नको, काका. तोंडानं. उभं ऱ्हाऊन.”

मी हो म्हटले. तो माझ्या पाया न पडता गेला. ते योग्यच झाले.

वहिनी, या सभेत मी तुमचा शब्द सर्वांसमोर खोटा पाडणार आहे. ज्या मुलींसाठी तुम्ही तो दिलात त्या आता आपल्या मुली घेऊन सुट्टीत येतात. त्या समोर बसलेल्या असतील. एका मास्तराच्या चुकीने त्यांचा शिक्षणावरचा विश्वास उडेल असे आज मला वाटत नाही. तेव्हा उडाला असता का, हे मला सांगता येणार नाही. तुम्ही ते माझ्यापेक्षा चांगले ओळखत होता. तुमचे उपकार मी मानतो. कधीकधी तुमचा रागही येतो. एवढा भार तुम्ही मला न विचारता माझ्या वतीने उचललात आणि तो उचलता उचलता अर्धा प्रकाशच्या पाठीवर गेला.

तो भार त्याच्या पाठीवर गेल्याचे तुम्हाला कळले नसेल, असे मी मानतो. आईला मुलाने पोटाचे निमित्त सांगितले आणि आईने ते खरे मानले. मला मात्र ते निमित्त पटले नव्हते. त्याच्या हातातल्या त्या बाटल्या पहिल्यांदा पाहिल्या त्याच वर्षी मला कारण समजले होते. मी तुमच्या ओट्यावर बसलो होतो, तो पिशवीतून एकेक बाटली काढून भिंतीशी ओळीने लावत होता, आणि तो तुमच्या कळशीकडे पाहत नव्हता. मला समजले. मी चहा संपवला आणि देवरूखच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

हे मी काल प्रकाशला सांगितले नाही. हेही उभे राहून सांगावे लागेल.